भिंगरीची रूममेट

भिंगरी थोरलीच्या खोलीत राहायला आली, तेव्हा पहिलं सत्र निम्मं सरलं होतं. भिंगरीची आधीच्या खोलीतली रूममेट शिक्षण अर्धवट टाकून घरी गेली होती. ती कशी होती असं कुणी विचारलं, तर वसतिगृहातल्या मुली जरा आठवून पाहायच्या आणि म्हणायच्या, "गप्प गप्प असायची बाई."

"खिडकीजवळची कॉट मी घेऊ? चालेल ना गं तुला?" भिंगरीने विचारलं.

"घे की," थोरली म्हणाली, आणि मग आठवडाभर स्वतःवरच चरफडत राहिली.

घरी तिला थोरली म्हणत. ती फोनवर आईशी बोलत असताना भिंगरीने ते ऐकलं आणि तेच नाव उचललं. विद्यापीठात थोरलीला हाक मारणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि नेमकं तेच तिच्या डोळ्यांत सलत होतं. वर्गात ती मागच्या बाकावर बसे. मेसमध्ये मोबाइलमध्ये डोकं घालून जेवे. दारावर टकटक झाली की उठायचं, "भिंगरी आहे?" ऐकायचं, "नाही" म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. आपण आणि दाराची कडी यांत या पोरींना काही फरक वाटतो की नाही, असं तिच्या मनात येई.

वनस्पतीशास्त्राच्या प्रात्यक्षिकात तर जळफळाट व्हायचा. देठाचा ब्लेडने पातळ काप काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा असे. भिंगरी गप्पा मारत मारत कांद्याच्या पापुद्र्यासारखा काप काढी. थोरलीचा काप म्हणजे काकडीची चकती. "हिचं बघ जरा," मॅडम म्हणायच्या. थोरली बघायचीच. दुसरं काय करत होती ती? भिंगरी हसताना मान कशी मागे टाकते, पेन कसं फिरवते, सगळं तिला पाठ झालं होतं.

एकदा मेसमध्ये भिंगरी एक विनोद सांगत होती. सगळं टेबल कान देऊन ऐकत असताना ती मध्येच थांबली.

"पुढं काय बरं होतं?" ती कपाळ चोळत म्हणाली.

थोरलीने पुढचं सांगितलं. टेबल खो खो हसलं. कुणीतरी तिच्या पाठीत थाप मारली. हात धुताना तिच्या लक्षात आलं, हा विनोद आपण आजवर ऐकलेलाच नव्हता.

त्याच आठवड्यात तिचा काप पापुद्र्यासारखा निघाला. शेजारी भिंगरीने बोट कापून घेतलं होतं.

मग एकेक होत गेलं. मेसवाल्या मावशी थोरलीच्या ताटात न मागता जास्तीची भाजी वाढू लागल्या. दारावर टकटक झाली की मुली तिलाच ओढून नेत. खिडकीजवळच्या कॉटवर ती कधी झोपू लागली, हे तिलाही सांगता आलं नसतं. भिंगरीने तक्रार केली नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसे. मैत्रिणी तिच्या अंगावरून पलीकडच्या खुर्चीवर पिशवी टाकत आणि "सॉरी" म्हणायचंही विसरत. आता तर त्या थोरलीलाच भिंगरी म्हणू लागल्या होत्या.

थोरलीला वाईट वाटायला हवं होतं. तिला बरं वाटत होतं.

एका दुपारी ती खोलीवर आली, तर तिची रूममेट फोनवर बोलत होती.

"हो गं आई. धाकटीला म्हणावं, माझ्या कपाटाला हात लावू नकोस. आणि मशीनला तेल घाल बाई, किती कुरकुरतंय! मला इथवर ऐकू येतंय."

थोरली दारातच थबकली. आई लोकांचे कपडे शिवते, हे तिने इथे कुणालाच सांगितलं नव्हतं.

"कुणाशी बोलत होतीस?"

"आईशी."

"कुणाच्या?"

"माझ्या. का गं?"

तिच्या चेहऱ्यावर नुकतंच कुणीतरी लाड केल्याचं हसू होतं. हिचं सगळं मिळालं, तरी हिच्याकडे काहीतरी उरलंच! थोरलीने स्वतःचा फोन काढला. आईला लावावा. पण काय बोलायचं? शेवटचं कधी बोललो आपण?

दारावर टकटक झाली. "भिंगरे, चल ना!"

तिने फोन खिशात टाकला आणि ती गेली.

वर्ष संपलं. सुट्टी लागली त्या सकाळी भिंगरीचे वडील गाडी घेऊन आले. उंच, शांत गृहस्थ. ते सरळ थोरलीपाशी आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"किती वाळलीस गं. चल, आई वाट बघतेय."

थोरलीने मागे पाहिलं. एक शब्द पुरला असता. भिंतीलगतच्या कॉटवर ती दुसरी मुलगी आपली पिशवी भरत होती.

"सांभाळून न्या हो काका," ती म्हणाली. "गाडीत मळमळतं हिला."

थोरली गाडीत बसली. खरंच मळमळलं. वाटेत वडिलांनी जे जे विचारलं, त्याचं उत्तर तिच्या तोंडी तयार होतं.

घर मोठं होतं. अंगणात झोपाळा होता, दारात भिंगरीची आई उभी होती. तिने थोरलीला घट्ट कवटाळलं, केसांत नाक खुपसलं, पाठीवरून हात फिरवला.

मध्येच तो हात थांबला.

आईने पान वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. थोरलीने पहिला घास घेतला, तेव्हा स्वयंपाकघरातून आईचा दबका आवाज आला.

"अहो, हीसुद्धा आपली नाही."

"हळू बोल," वडील म्हणाले. "जेवू दे तिला."