चौथं बोट

केतकीच्या बाबांच्या उजव्या हाताला तीन बोटं होती. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. ही गोष्ट साऱ्या चितारआळीला ठाऊक होती, आणि केतकीने संगणकावर काढलेल्या चित्रातही बोटं तीनच होती. सोमवारी शाळेतून येऊन तिने ते चित्र उघडलं, तर ती चार झाली होती.

आपणच काल कंटाळून काहीतरी खरडलं असेल, असं म्हणून तिने ते बोट खोडलं आणि चित्र जपून ठेवलं. मंगळवारी पाहते तो पाच. करंगळीसुद्धा आली होती, आणि तिला गुलाबी, स्वच्छ, जाहिरातीतल्यासारखं नख होतं. वर्षानुवर्षं लाख आणि रंगात बुडालेल्या हाताला असलं नख कुठून येणार?

सावंतवाडीच्या चितारआळीत केतकीच्या बाबांचं, यशवंत चिताऱ्यांचं, लाकडी खेळण्यांचं दुकान होतं. मागच्या खोलीत ते लेथवर लाकूड कातून आंबे, काजू, फणस घडवायचे. आता सकाळी पाव टाकायला ड्रोन येतो आणि कारखान्यातले यंत्रमानव शेकड्याने खेळणी पाडतात, तरी चिताऱ्यांचा आंबा हातात घेऊन लोक अजून हुंगून बघत. केतकीच्या जन्माआधी करवतीने बाबांची दोन बोटं नेली होती. तेव्हापासून गिऱ्हाइकासमोर त्यांचा उजवा हात खिशात. फोटोतही खिशात. केतकीने मात्र ठरवलं, की लाकडाचा आंबा कसा होतो यावर ॲनिमेशनपट (एकेक चित्र काढून, ती भराभर दाखवून केलेला सिनेमा) करायचा आणि शाळेच्या मेळ्यात दाखवायचा. तेव्हा बाबांनी पहिल्यांदाच तो हात दिव्याखाली टेबलावर ठेवला. "बघून घे नीट," एवढंच ते म्हणाले, आणि ती चित्र काढेपर्यंत हलले नाहीत.

ती चित्रं काढायची 'चित्रसखी' नावाच्या प्रोग्रॅममध्ये. तो एका मोठ्या कंपनीचा होता आणि भाड्याने मिळायचा. कामाला मात्र वाघ. झाड काढलं की पानं आपोआप हलवायचा, वेडीवाकडी रेघ सरळ करायचा. केतकीचा त्याच्यावर भारी जीव.

त्या मंगळवारी बाबा चहाचा कप घेऊन तिच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर पाच बोटांचा हात होता. मग त्यांचा उजवा हात हळूच खिशात गेला.

"बरा केलंस," ते म्हणाले. "असोच बरो दिसता."

"बाबा, मी नाय केलंय."

"असांदे गो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच केतकीला लागलं. मुलीला आपल्या हाताची लाज वाटते, अशी त्यांनी मनाशी गाठ मारून घेतली होती. दुसऱ्या दिवशी तिने चित्रासाठी बसायला बोलावलं, तर गिऱ्हाईक आलंय म्हणाले. दुकानात चिटपाखरू नव्हतं.

त्या दुपारी केतकी हट्टालाच पेटली. तिने जास्तीची दोन्ही बोटं खोडली, चित्र जपून ठेवलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसली. बाहेर ऊन रणरणत होतं. आळीत कुणाचा आवाज नव्हता. पडद्यावर हात होता तसा होता.

मग मधल्या बोटाशेजारची कातडी जराशी फुगली. वालाला कोंब फुटावा तसं तिथून काहीतरी वर आलं, लांबलं, पेरापाशी वाकलं आणि चित्रातल्या टेबलावर अलगद टेकलं. नख सगळ्यात शेवटी उगवलं. लगेच त्याच्या शेजारी दुसरा कोंब. कुठे आवाज नाही, घाई नाही. जणू त्या हाताला कुणी नुकतंच आपला मानलं होतं आणि तो आता सवडीने पुरा होत होता. केतकीने आपली बोटं मुठीत घट्ट लपवली. तिला खरोखर वाटलं, की हा हात आता उचलला जाईल आणि काचेवर टकटक करील.

तिने इंटरनेटची वायर उपटली. मग तर चित्रसखी उघडेचना. 'तुमची ओळख पटली नाही', एवढंच तिथे दिसत राहिलं. चित्र तिचं, हात तिच्या बाबांचा, आणि तिचीच ओळख पटत नव्हती. केतकी चपला न घालताच कुमुदआत्याकडे पळाली.

कुमुदआत्या ही बाबांची चुलतबहीण. चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला जी रेडिओ दुर्बीण आहे, तिचे संगणक तिने बरीच वर्षं सांभाळले होते. तिथल्या हलक्या चालण्याची इतकी सवय झाली होती, की परत आल्यापासून ती पृथ्वीवर पाय जपून जपून टाकायची. तिने येऊन वायर पुन्हा लावायला सांगितली, बोटं उगवताना पाहिली, आणि खुर्ची ओढून घेतली.

"भूत नाही," ती म्हणाली. "पण घरात कुणीतरी शिरलंय, हे तुझं म्हणणं खरं आहे. या प्रोग्रॅमने लाखो हातांची चित्रं पाहिली आहेत. त्यातून त्याने एक सरासरी हात (सगळ्या हातांत जे समान आहे, तेवढंच उचलून केलेला अंदाज) मनाशी धरलाय. सरासरी हाताला पाच बोटं असतात. तुझा हात त्याला चूक वाटतो, म्हणून तो सुधारतो."

"मग सुधारू नको म्हणून सांगूया ना त्याला."

आत्याने सगळं धुंडाळलं. 'आपोआप सुधारणा' नावाचं एक बटण होतं, आणि ते आधीच बंद होतं. तरी बोटं उगवत होती.

"का पण?" केतकीने विचारलं.

"तेच तर कळायला मार्ग नाही. तुमच्याकडे मसाला घरी कांडतात ना? त्यात काय पडलंय ते तुझ्या आईला ठाऊक असतं. तिखट झाला तर पुढच्या वेळी चार मिरच्या कमी. आता विकतचं पाकीट घे. चव बरी असेल, पण आत काय आहे आणि बदलायचं कसं, ते बनवणाऱ्यालाच माहीत. प्रोग्रॅमचीही अशी पाककृती असते. तिला सोर्स कोड (माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेल्या मूळ सूचना) म्हणतात. चित्रसखीचा सोर्स कोड कंपनीने कुलपात ठेवलाय. शिवाय तो चालतो कंपनीच्या दूरच्या संगणकावर, आणि तुझी चित्रंही तिथेच राहतात. भाडेकरूच्या घरात मालक केव्हाही येऊन भिंतीला रंग देतोय, असं झालंय हे."

"चंद्रावर तुम्ही काय वापरायचात?"

"लिनक्स. ती ऑपरेटिंग सिस्टीम आहे (संगणकाचा कारभारी म्हण हवं तर; पडदा, कळफलक, पेन आणि बाकीचे प्रोग्रॅम यांना कामं वाटून देणारा). तिची पाककृती उघडी असते. कुणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. चंद्रावर काही बिघडलं तर कंपनीचा माणूस थोडाच येणार? आपणच आत डोकावायचं. पण एक आधीच सांगते. विकतचं सगळं वाईट आणि हे सगळं गोड, असं समजू नकोस. तुझी पानं इथे आपोआप हलणार नाहीत. पहिल्या दिवशी तू माझ्यावर चिडणार आहेस."

केतकी चिडली ती पहिल्या तासालाच. आत्याने एका पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, संगणकाच्या डिस्कला हातही न लावता. "आधी पाहुणा म्हणून ठेवून बघू. पटला तर घरात घेऊ," ती म्हणाली. पडदा दिसला, आवाज आला, पण चित्र काढायच्या पाटीवर पेन टेकवलं तर रेघ एकसारखी जाड. हलका हात टेकवा नाहीतर दाबून धरा, फरक नाही. मग ड्रायव्हर (पाटीची भाषा कारभाऱ्याला समजावून सांगणारा दुभाषा) शोधण्यात संध्याकाळ गेली. तो मिळाल्यावर आत्याने केतकीचा हात किती हलका आहे ते तिच्याकडून दहादा रेघा मारून घेऊन पाहिलं, आणि पेनाचा दाब त्याला जुळवून दिला. आता तिच्या नुसत्या स्पर्शाने केसासारखी बारीक रेघ उमटायला लागली. चित्रांसाठी क्रिता नावाचा प्रोग्रॅम घेतला. तोही उघड्या पाककृतीचा. पाहुणा पटला, तेव्हा जुन्या कामाची प्रत दुसरीकडे काढून आत्याने लिनक्स डिस्कवर कायमचं बसवलं.

खरी पंचाईत पुढेच होती. चित्रसखीच्या फाइली दुसऱ्या कुठल्याच प्रोग्रॅमला वाचता येत नव्हत्या. त्यांचंही कुलूप कंपनीकडेच. साधी चित्रं म्हणून तेवढी बाहेर काढता आली, आणि त्या प्रत्येक चित्रात हाताला पाच बोटं होती. खरा हात कुठेच उरला नव्हता.

"पुन्हा काढ," आत्या म्हणाली. "आणि फाइल उघड्या स्वरूपात ठेव (कुठल्याही प्रोग्रॅमला वाचता येईल अशी). म्हणजे उद्या हा प्रोग्रॅम नाही आवडला, तरी चित्र तुझंच राहील."

बाबा तर समोर बसत नव्हते. केतकीने आठवून काढायला घेतलं, आणि काढता काढता तिला कळलं, की आपल्याला सगळं आठवतंय. करवत लागलेल्या जागी पिशवीचं तोंड आवळल्यासारखी जमलेली कातडी. टाक्यांची तिरकी खूण. तर्जनीवरचा न जाणारा लाखेचा डाग. चित्र झाल्यावर तिने इंटरनेटची वायर काढून कपाटात ठेवली आणि त्या रात्री शांत झोपली.

सकाळी उठून तिने चित्र उघडलं. हाताला चार बोटं होती.

तिने कपाट उघडून पाहिलं. वायर तिथेच होती. धावत येऊन आत्याने तो हात पाहिला, आणि पहिल्यांदाच तिचाही चेहरा उतरला.

"इथे हे व्हायला नको," ती हळूच म्हणाली. "यात असं काही करणारी सूचनाच नाही. याची पाककृती मी वाचलीय." मग तिने चष्मा पुसला. "केतकी, भीती बाजूला ठेव आणि नीट बघ. हे बोट सरासरी आहे का?"

केतकीने चित्र मोठं केलं. बोट वाकडं होतं. वरच्या पेराला गाठ होती आणि नख उभं चिरलेलं. लाखो हातांची सरासरी काढली तर गाठी आणि चिरा पुसून जातात, हे आता तिला कळत होतं. आणि रेघ? जाडजूड, काळीकुट्ट. केतकीच्या हलक्या हाताला जुळवलेल्या पेनावर कुणीतरी लाकूड तासायची पटाशी धरावी तसा जोर दिला होता.

"थर बघ," आत्या म्हणाली.

क्रितामध्ये एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे थर असतात. ते बोट वेगळ्या थरावर होतं. केतकीने तो थर लपवला. खाली तिचा तीन बोटांचा हात जसाच्या तसा होता, एक टाकाही न पुसलेला. थर पुन्हा दाखवला, बोट परत आलं. ज्याने कुणी ते काढलं होतं, त्याने तिचं काही खोडलं नव्हतं.

मागच्या खोलीतला लेथ थांबला होता. बाबा दारात उभे होते.

"करंगळी काढूची रवली हा," ते म्हणाले. "ती आज काढतलंय."

केतकी गर्रकन वळली.

"त्या मशीनान काढलेला बोट माझा नव्हता गो. खयच्या तरी परक्याचा. माझा ह्या असा होता. ल्हान असताना पटाशी लागली, थयसर गाठ धरली." ते जवळ आले. "काल तू झोपल्यावर चित्र बघलंय. तीनच बोटा. टाक्याची खूण पण सोडूक नाय. तेवा माका कळला, ता काम तुजा नव्हता."

केतकी रडली, आणि रडताना तिला जरासुद्धा वाईट वाटत नव्हतं. आत्या म्हणाली, "यशवंता, पेनाचा दाब तुझ्या हातालाही जुळवून देते. नाहीतर पाटीला भोक पाडशील."

त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. बाबांनी करंगळी काढली, थोडी बाहेर फाकलेली, आणि मग विचारलं, "ह्येका रंग कसो देवचो?"

मेळ्यात केतकीचा सिनेमा लागला. पानं आपोआप हलत नव्हती. तिने दोनच फांद्या हलवल्या होत्या, त्या जरा अडखळत हलल्या. शेवटच्या दृश्यात तीन बोटांचा हात लाकडी आंबा फिरवत होता, आणि मागच्या भिंतीवर त्या हाताची सावली पडली होती. सावलीला पाच बोटं होती. चौथं वाकडं, गाठीचं.

दिवे लागल्यावर बऱ्याच मुलांनी आत्याभोवती पेनड्राइव्हसाठी गर्दी केली. "घ्या आणि पुढच्यालाही द्या," ती सांगत होती. "आत वाचा. तुमच्यातल्याच कुणीतरी उद्या त्यात पानं हलवणारी सूचना लिहा, म्हणजे केतकीचे कष्ट वाचतील." पहिल्या रांगेतली एक छोटी मुलगी मात्र अजून पडद्याकडेच बघत होती.

"खरा हात कुठला?" तिने विचारलं. "तीन बोटांचा की पाच?"

तेवढ्यात सगळ्यांच्या मागे, दाराजवळ उभ्या असलेल्या बाबांनी खिशातून उजवा हात काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.