तीनशे अंशांवरच्या दोन टिचक्या

खोटं वाटेल, पण पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. मागच्या मंगळवारी, भर दुपारी, तिच्याच घरी बसून आत्याने स्वतःच्या तोंडाने हे मला सांगितलं.

आत्याच्या कारखान्यात सिरॅमिकच्या नळ्या बनतात. हवेतला फक्त प्राणवायू पलीकडे सोडणाऱ्या. त्याच मालाच्या चकत्या भट्टीत तापवून दाबायच्या आणि किती दाबाला तडकतात ते लिहायचं, हे तिचं काम. शेजारच्या खोलीत नळ्या चालवायचे माझे बाबा, तिचे सख्खे दादा. मध्ये काच.

बाबा काचेवर दोन टिचक्या मारायचे. म्हणजे, सगळं ठीक?

तिनेही दोन दिल्या, तर ठीक. एक दिली, तर थांब.

चकती थंड असताना दणकट. आठशे अंशांवरही बरी. पण मध्ये, तीनशेच्या आसपास, काय करेल ते मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजायला दिवस जातात.

साहेब म्हणाले, "दोन्ही टोकं चांगली आहेत ना? मग आलेखावर मध्ये पट्टीने रेघ ओढा. कोण बघतंय?"

आत्याने रेघ ओढली. सही ठोकली.

आठवड्याने एक नळी थंड होत होती. तिच्याजवळ जाण्याआधी बाबांनी विचारलं... टक, टक.

आत्याने मान वर न करता दोन दिल्या.

नळी फुटली तेव्हा तापमानाच्या काट्यावर तीनशे चार होते. बाबा जागीच गेले.

साहेबांनी चौकशीत हात झटकले. "सही त्यांची आहे."

महिन्याभराने आत्या एकटीच तो मधला आकडा मोजायला बसली. शेजारच्या खोलीला कुलूप. भट्टी उतरत होती... तीनशे वीस... तीनशे दहा... तीनशे चार.

आकडा थांबला.

टक... टक.

काचेच्या पलीकडून.

"दादा?"

पलीकडे कोणीच नव्हतं.

टक... टक.

तिने एक टिचकी दिली. थांब.

आकडा पुन्हा उतरू लागला. चकती बाहेर काढली, तर तिचे दोन तुकडे झाले होते. दाब अजून दिलाच नव्हता.

"सहा वर्षं झाली. अजून विचारतो गं," आत्या म्हणाली. "मी दरवेळी एकच देते. पण तो विचारायचा थांबत नाही."

बाबा गेले तेव्हा हिनेच मला कुशीत घेतलं होतं. "नशीब," म्हणाली होती. मी सहा वर्षं त्या नशिबाला शिव्या घालत होते, आणि हिच्या हातचा चहा पीत होते. माझं डोकं सणकलं. मी उठले.

तेवढ्यात...

टक... टक.

आत्याच्या खिडकीच्या काचेवर. तिसरा मजला, बाहेर गॅलरीही नाही.

आत्या जागची हलली नाही. ती माझ्याकडे बघत होती. या वेळी त्यांनी मला विचारलं होतं.

मी हात उचललाच नाही. दोन नाहीत, एकही नाही.