बॉनेट उघडं ठेवणारा शेजारी

मी कॉल्बीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचं अर्धं अंग माझ्या आरव्हीखाली, म्हणजे माझ्या चाकांवरच्या घराखाली होतं. बाहेर फक्त दोन बूट.

"ए! आधी बाहेर ये!" मी तवा उगारला.

बूट हलले. मग गुडघे, मग धुळीनं माखलेला शर्ट आणि शेवटी एक चेहरा... दुर्दैवानं, चांगला होता.

"उंदीर शिरलाय का बघत होतो," तो म्हणाला. "तुमचं बॉनेट बंद असतं. इथे बंद ठेवू नये. आत अंधार मिळाला की ते बिऱ्हाड थाटतात."

वा! म्हणजे इंजिन मी उघडं टाकायचं आणि बॅटरी यानं उचलायची. मी काय दूधखुळी आहे?

"आभारी आहे. तुमचा ट्रक तिकडे आहे." मी तव्यानंच दिशा दाखवली.

जूनचा दुसरा आठवडा. थंडीत या वाळवंटी माळावर अशा फिरत्या घरांची जत्रा असते, पण एप्रिल सरला की सगळे पेन्शनर उत्तरेला पळतात. आता आम्ही दोघंच उरलो होतो. मी, इनेझ, आणि साठ पावलांवर तो. फॅरनहाइटचा पारा एकशे चौदावर. दाराची कडी चटके द्यायची आणि गाडीतल्या थंड पाण्याच्या नळाला चहापुरतं कढत पाणी यायचं.

मी रविवारी येऊन थांबले होते, कारण वर डोंगरात, पाइनच्या जंगलातल्या एका कॅम्पग्राउंडवर मला नोकरी मिळाली होती. वीज-पाणी आणि गाडी लावायला सावलीतली जागा, सगळं नोकरीबरोबरच. शनिवारी दुपारी बारापर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. त्याआधी तिथे मुक्काम करायची सोय नव्हती.

पण हा का थांबला होता? शिवाय त्याच्या ट्रकचं बॉनेट सदा वर. बिघडला म्हणावं, तर रोज सकाळी ते मिटून गावातून पाणी आणायचा आणि आल्यावर पुन्हा उघडून ठेवायचा. संशयी मी मूळची नाही हो! ड्वेननं केलं मला तसं. दोन वर्षं प्रेमाच्या गप्पा मारल्यान् आणि एका सकाळी माझी कार घेऊन गेला तो गेलाच.

बुधवारी पायरीवरचा चमचा नाहीसा झाला. तिथे काटक्या पडल्या होत्या. गुरुवारी तोंड धुताना काढून ठेवलेलं चांदीचं कानातलं गेलं आणि त्या जागी निवडुंगाचा काटेरी तुकडा! ही काय चेष्टा?

संध्याकाळी साहेब कलिंगडाची फोड घेऊन हजर.

"एकट्याला संपत नाही."

"यात काय घातलंय?"

"बिया."

"आधी तुम्ही खा."

त्यानं मुकाट्यानं घास घेतला. हनुवटीवरून रस ओघळला... मला हसू येत होतं, ते मी गिळलं आणि दार लावून घेतलं.

शनिवारी पहाटे पाच वाजता किल्ली फिरवली. गाडी ढिम्म! पुन्हा फिरवली. नाहीच. नोकरी, जागा, सगळं सात तासांत जाणार होतं. मी तरातरा त्याच्या ट्रकपाशी गेले. तो कॉफी करत होता, आणि टेबलावरच्या कपात माझं कानातलं!

"चोर!"

"तुमचं आहे, माहितेय मला," तो लाल झाला. "गुरुवारी माझ्या पायरीवर सापडलं. तिथला माझा पितळी नट गायब होता. मला वाटलं, तुम्हीच..."

"मी? कानातलं तुमच्या पायरीवर ठेवू? कशाला?"

"म्हणजे... मी परत द्यायला यावं म्हणून."

"मग आला का नाहीत?"

"आलो की. कलिंगड घेऊन. पण तुमचा चेहरा बघून धीर झाला नाही."

"माझी गाडी सुरू होत नाहीये," मी विषय बदलला. त्यानं येऊन माझं बॉनेट उघडलं. आत काटक्यांचा ढीग, माझा चमचा, त्याचा नट, कुरतडलेल्या वायरी आणि बॅटरीमागून आमच्याकडे बघणारा मोठ्या कानांचा एक उंदीर. क्षणात तो खाली उडी मारून पसार झाला.

"खोडच आहे त्याची," कॉल्बी म्हणाला. "तोंडात एक वस्तू असते. वाटेत दुसरी आवडली की पहिली तिथेच टाकतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ करा," मी कशीबशी म्हणाले.

तो वायरी जोडत बसला. ऊन चढलं तशी मी त्याच्यावर छत्री धरली. त्याचा हात माझ्या मनगटाला लागला... दोघांनीही काढून घेतला नाही.

"खरं सांग, तू का थांबलास?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

"इथल्या गाड्यांवर सोलर पॅनेल बसवायची कामं संपली होती. सोमवारी निघणार होतो. पण रविवारी तू आलीस."

"आणि माझं बॉनेट बंद होतं."

"बॉनेटचं निमित्त." त्यानं पक्कड खाली ठेवली. "मला तू आवडतेस, इनेझ. संशयानं बघतेस तेव्हासुद्धा."

सात वाजता इंजिन गुरगुरलं. मी खिडकीतून डोकं काढलं.

"माझा अजून तुझ्यावर भरवसा नाही."

"साहजिक आहे."

"म्हणून तुला इथे मोकाट सोडता येणार नाही. ट्रक काढ. माझ्या मागे राहायचं. आरशात दिसत राहायचं."

"किती दिवस?"

"ते मी ठरवीन."

वाटेत मी आरशात इतक्यांदा पाहिलं की दोनदा वळण चुकता चुकता राहिलं. दरवेळी तो होता. एका चढावर ट्रक दिसेना, तेव्हा माझा जीव असा काही कासावीस झाला की मनातल्या मनात मी सगळं कबूल करून टाकलं.

बाराला दहा मिनिटं असताना आम्ही फाटकाशी पोचलो. पाइनचा गार वारा आत आला. तिथल्या बाईंनी यादीत माझं नाव शोधलं आणि मागे बोट दाखवलं.

"तो ट्रक कोणाबरोबर?"

"माझ्याबरोबर," मी म्हणाले. या वेळी आरशात पाहायची गरज वाटली नाही.