अकरा दगडांची फेरी

हे खरं आहे. पटवून द्यायची मला हौस नाही. ज्यांना पटणार नाही, त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

रात्रसुद्धा नव्हती. दुपारचे साडेचार वाजले होते आणि पावसाचा तिसरा दिवस होता.

मी आणि माझा थोरला भाऊ, दोघंही एका छोट्या मातीच्या धरणावर चौकीदार. धरण म्हटलं म्हणून फार काही डोळ्यांसमोर आणू नका. पूर आला की ओढ्याचं पाणी अडवायचं आणि हळूहळू सोडायचं, एवढ्यासाठी घातलेला लांबलचक बांध. वर्षातले दहा महिने आत शेळ्या चरतात. खालच्या वस्तीतले लोक आम्हाला चिडवायचे, "काय हो, पाण्यावर लक्ष ठेवता की शेळ्यांवर?"

दादा म्हणायचा, "शेळ्यांवरच. त्या निदान आमचं ऐकतात."

पण पाणी भरलं की थट्टा बंद. मागच्या बाजूने पाणी झिरपायला लागलं तर आतली माती वाहून जाते आणि बांध बसतो. म्हणून दर दोन तासांनी फेरी. एक जण बांधाच्या माथ्यावरून चालतो, दुसरा मागच्या पायथ्याशी, चराच्या कडेने. दर शंभर पावलांवर खुणेचा दगड, असे अकरा. उतारावर पुरुषभर गवत, त्यामुळे वरच्याला खालचा दिसत नाही. वरचा दगडाचा आकडा ओरडतो आणि खालचा उत्तर देतो. कोरडं, किंवा ओल.

ओल म्हटलं की भोंगा वाजवायचा आणि वस्ती रिकामी करायची.

उत्तर आलंच नाही, तर हातातलं टाकून खाली धावायचं.

कोरडं म्हटलं की पुढे चालायचं. इतकी साधी पद्धत.

त्या दिवशी खाली जायची पाळी माझी होती. माझ्या बुटाचा तळ सुटला होता. दादाने पाहिलं आणि म्हणाला, "असला बूट घालून उतरलास तर मलाच तुला शोधत यावं लागेल. जा वर."

मी वर गेलो.

"एक," मी ओरडलो.

"कोरडं रे बाबा."

"दोन."

"कोरडं. पाय उचल जरा, फिरायला आलायस का?"

"तीन."

इथे जरा वेळ गेला... मी थांबलो. एक पाऊल उताराकडे वळवलंसुद्धा.

"कोरडं."

आवाज दादाचाच. फक्त त्यात थट्टा नव्हती. मला वाटलं, दमला असेल.

चार. कोरडं. पाच. कोरडं.

सहाव्यापाशी एक गोष्ट लक्षात आली... बेडूक गप्प होते. आणि खालचं गवत हलत नव्हतं. माणूस चालला की गवत हलतं.

आठव्यापाशी मी आकडा पुरता म्हणायच्या आत उत्तर आलं...

मी पुढे चालत राहिलो. उत्तर येत होतं ना.

अकराव्या दगडापाशी पायऱ्या आहेत. खालचा तिथून वर येतो आणि मग दोघं मिळून चौकीवर परततो. मी थांबलो. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"दादा," मी हाक मारली.

"कोरडं."

तेव्हा मी खाली उतरलो.

खाली कुणी नव्हतं. मी चराच्या कडेने मागे धावत सुटलो. चिखलात पावलांचा एकही ठसा नव्हता, अकराव्यापासून थेट तिसऱ्यापर्यंत. तिथे उताराची माती खचली होती. दादा चरात होता, कमरेपर्यंत मातीखाली. पाणी त्याच्या डोक्यावरून वाहत होतं.

भोंगा मीच वाजवला. वस्ती वेळेत रिकामी झाली, लोकांनी मातीची पोती टाकून बांध वाचवला. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मला काहीच वाटत नव्हतं. रडू नाही, राग नाही. भूक मात्र लागली होती, आणि मी जेवलो.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तो लगेच गेला नाही. पाणी नाकातोंडापर्यंत चढायला पंधरा-वीस मिनिटं तरी लागली असतील.

वहिनींनी मला एकच विचारलं. "भाऊजी, त्यांनी हाक मारली होती का हो?"

"नाही वहिनी. मारली असती तर मला ऐकू आली असती."

मला ते खरंच वाटत होतं.

पुढच्या पावसाळ्यात जोडीला एक माजी बस कंडक्टर आला. जन्मभर गर्दीत ओरडलेला माणूस, आवाज खणखणीत. खाली मीच जायचो. कुणाला पाळी विचारली नाही.

एका सकाळी मी तिसऱ्या दगडापाशी वाकून चरात बघत होतो. पाणी गढूळ येत होतं.

"तीन," वरून आलं.

"ओल," मी ओरडलो. "ओल आहे, थांब."

वरची पावलं थांबली नाहीत...

"चार."

मी घसा फाटेस्तोवर ओरडलो. त्याचं नाव घेतलं, शिव्या घातल्या.

"पाच," वरून निवांत आवाज आला.

मी हातापायांवर उतार चढलो, धावत त्याला गाठलं आणि त्याचा दंड धरला. "ऐकू येत नाही का तुला?"

"येतं की," तो दचकून म्हणाला. "तिन्ही वेळा कोरडं म्हणालास. तुझाच आवाज, मी ओळखत नाही का? फक्त इतका थंड बोलत होतास की मला वाटलं, रुसलायस."

आम्ही भोंगा वाजवला. त्या दिवशीही बांध राहिला.

संध्याकाळी चौकीत कपडे बदलताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादा वीस मिनिटं मला हाका मारत होता. आणि त्याच्या प्रत्येक हाकेवर मी एक दगड पुढे गेलो.

तिथे काय आहे, मला माहीत नाही. कुणाला विचारावं, तेही कळत नाही. नोकरी सोडलेली नाही. फेरी कुणीतरी करायलाच हवी, आणि वस्तीत माझंही घर आहे.

वहिनींना हे सांगितलेलं नाही. त्या दोन घरं सोडून राहतात. कामावरून येताना मी त्यांच्या दारात थांबतो आणि विचारतो, "बऱ्या आहात ना?"

"बरी आहे," त्या आतून म्हणतात.

आवाज त्यांचाच असतो. मी उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहतो. आत जाऊन बघायला हवं, हे मला कळतं. अजून एकदाही गेलेलो नाही.