चार नंबरच्या वर्गाबाहेरची हाक

ही गोष्ट खरी आहे. शपथ घेत नाही, कारण ज्यांना विश्वास ठेवायचा नसतो ते शपथेनंतरही ठेवत नाहीत. पण रोशनी माझ्या मोठ्या काकांची मुलगी. लहानपणापासून ओळखतो तिला. तिला थाप मारता येत नाही. मारायला गेली की कान लाल होतात.

आणि अमावास्या, स्मशान, पिंपळ वगैरे शोधत असाल तर आधीच सांगतो, त्यातलं इथं काही नाही. हे घडलं भर दिवसा. मागच्या वर्षी, जानेवारीतल्या एका गुरुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. नागपुरात, काटोल रोडवरच्या एका अमेरिकन शाळेत.

शाळेचं नाव सांगणार नाही. तिथं अजून मुलं शिकतात.

पन्नासेक वर्षांपूर्वी काही अमेरिकन कुटुंबं कामानिमित्त नागपुरात राहायची. त्यांच्या अकरा मुलांसाठी एका बंगल्यात वर्ग भरायला लागला. शिक्षिका अमेरिकन, पुस्तकं अमेरिकन, सुट्ट्यासुद्धा अमेरिकन. आया आणि माळी तेवढे आपले. पुढे ती कुटुंबं परत गेली, शाळा मात्र राहिली. आता तिथं गांधीबागेतल्या कापडवाल्यांची आणि डॉक्टरांची मुलं जातात. अमेरिकन म्हणाल तर प्रिन्सिपल सर आणि तीन-चार पोरं. नव्या इमारती झाल्या, पण बालवर्ग अजून बंगल्यालगतच्या जुन्या ओळीतच भरतात. मधे व्हरांडा, दोन्हीकडे खोल्या. उंच दारं, दारांच्या वर हवेसाठी झडपा.

त्या झडपांतून आवाज येतो... अगदी कुजबुजसुद्धा.

रोशनी तीन नंबरच्या वर्गात मदतनीस शिक्षिका होती. समोरच्या चार नंबरमध्ये तिची मुलगी रितिका. वय साडेपाच. घरी तिला मैनी म्हणतात. तिथं काम करणाऱ्यांच्या एका मुलाला शाळा फुकट. नाहीतर ती फी आमच्या सात पिढ्यांना झेपली नसती. काकांचं आयुष्य कोराडीच्या वीज केंद्रात, राखेत गेलं. ते भेटेल त्याला सांगायचे, "माही नात झोपेत इंग्रजी बोलून राहिली गा!"

ही शाळा, ही सीट... रोशनीनं जिवापाड जपली होती.

आता त्या सरावाबद्दल सांगायला हवं. त्याला 'लॉकडाऊन ड्रिल' म्हणतात. करोनाचा लॉकडाऊन नव्हे. अमेरिकेत शाळेत बंदूक घेऊन माणसं घुसतात, म्हणून तिथं मुलांना लपायला शिकवतात. अमेरिकन शाळा म्हटल्यावर काटोल रोडवरही तेच. घंटा झाली की दार लावायचं. दिवे बंद, पडदे बंद. सगळी मुलं एका कोपऱ्यात, तोंडावर हात. दाराची मूठ आतून फिरते, बाहेरून किल्ली लागते. शेवटी प्रिन्सिपल सर स्वतः किल्लीनं एकेक दार उघडतात. तोवर बाहेरून कुणीही बोलावलं, अगदी सरांनी बोलावलं तरी, दार उघडायचं नाही.

कुणासाठीही नाही.

पहिल्या सरावानंतर मैनी दोन रात्री झोपली नाही. "आई, तू बाहेर राहिलीस तर?" हेच घोकत होती. तेव्हा रोशनीनं पोरीची समजूत काढली. म्हणाली, "कोणी बी बोलावलं तरी उठू नको. पण मी 'मैने' म्हणून हाक मारली ना, तर बिनधास्त ये. ते नाव शाळेत कोणाले माहीत नाही."

कुठल्याही आईनं हेच केलं असतं. पण तिनं त्या नियमाला एक फट पाडून ठेवली, हे तिला तेव्हा कळलं नाही.

त्या गुरुवारी शाळेत तपासणी होती. दर पाच वर्षांनी अमेरिकेतून माणसं येतात. ती खूश झाली तर शाळेची मान्यता टिकते. त्यातली एक वयस्कर बाई तीन नंबरच्या वर्गात फायली घेऊन बसली होती.

अकरा वीसला घंटा झाली.

रोशनीनं दार लावलं, दिवे घालवले. सोळा मुलं कोपऱ्यात दाटीनं बसली. मोठ्या टीचर त्या दिवशी रजेवर, त्यामुळे सोळाही जीव हिच्यावर. पाहुणी बाईही नियमाप्रमाणे गुडघे मोडून त्यांच्यात बसली.

शांतता.

संत्र्याच्या गाड्या रोज रस्त्यावरून जातात, हॉर्न वाजतात. त्या दिवशी एकही नाही. व्हरांड्यातली कबुतरंही गप्प.

मग पावलं ऐकू आली...

चपला घासत, हळूहळू. रोशनीला वाटलं, सर असतील. पण सर बूट घालतात.

पावलं दोन्ही दारांच्या मधे थांबली.

"मैने..."

रोशनीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"मैने, ये वं. मी आहो, आई."

आवाज तिचा होता. हुबेहूब तिचा. सर्दीनं तिचा घसा दोन दिवस बसला होता, तर तो आवाजही बसलेलाच होता!

तिनं आधी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. आपणच तर बोललो नाही ना, म्हणून. ओठ मिटलेले होते.

"चाल ना वं, मैने... किती वेळ उभी राहू?"

समोरच्या दाराची मूठ फिरल्याचा आवाज आला. कट्...

रोशनी उठली. मुलांनी तिचा कुर्ता धरून ठेवला. पाहुण्या बाईनं तिचं मनगट घट्ट पकडलं आणि मान हलवली. नाही.

दार पाच पावलांवर होतं. ते उघडावं की नाही? ते जे काही बाहेर होतं, ते आत आलं तर? सोळा पोरं. दार नाही, निदान ओरडावं तरी. 'मैने, जाऊ नको!' एवढंच. पण तपासणी, नोकरी, पोरीची शाळा, सगळं एकदम डोळ्यांसमोर उभं राहिलं. आणि ओरडलं तरी पोर कुठल्या आवाजाचं ऐकणार?

ती ओरडली नाही.

हे सांगताना ती अजूनही स्वतःचा गळा दाबून धरते.

समोरचं दार बंद झालं. पावलं परत निघाली. आता दोन जणांची होती. चपला घासत जाणारी... आणि बाजूनं छोट्या बुटांची टकटक.

सरांनी दार उघडेपर्यंत आणखी चौदा मिनिटं गेली. ती चौदा मिनिटं त्या अंधाऱ्या खोलीत ती कशी बसली, तिलाच ठाऊक.

दार उघडताच ती चार नंबरमध्ये धावली. तिथल्या गार्गी मिसनं तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्ही परत कशा आलात?"

"मैनी... रितिका कुठे आहे?"

"तुम्हीच तर नेलंत! मी हात धरायच्या आत तिनं मूठ फिरवली. दारात तुम्ही होतात. हाच कुर्ता, गळ्यात हेच कार्ड. माझ्याकडे बघून हसलात. मग मी काय म्हणणार?"

यानंतर सगळी शाळा पालथी घातली. फाटकावरच्या गार्डनं कुणालाही बाहेर सोडलं नव्हतं. पाण्याच्या टाक्या पाहिल्या, बसगाड्या पाहिल्या. पोलीस आले. रोशनी "मैने, मैने" करत व्हरांड्यातून, बंगल्याभोवती फिरत होती. घसा पार बसला तरी हाका थांबल्या नाहीत.

अडीच वाजता अंजनाबाई आल्या. शाळेतल्या सगळ्यात जुन्या आया. त्यांची सासूही तिथंच आया होती. त्यांनी ऑफिसातून गंजलेली किल्ली घेतली आणि कुणाला काही न विचारता बंगल्याच्या मागच्या खोलीकडे गेल्या. पहिली अकरा मुलं शिकली ती खोली. आता तिथं मोडकी बाकं ठेवतात. बाहेरून कुलूप होतं, त्यावर कोळ्याचं जाळं. रोशनी त्या दारावरून चार वेळा हाका मारत गेली होती.

कुलूप उघडलं.

बाकांच्या मागे, कोपऱ्यात मैनी बसली होती. गुडघे पोटाशी, तोंडावर हात. सरावात शिकवतात तशी.

अंगावर ओरखडा नाही. रडलेली नाही. रोशनीनं तिला छातीशी धरलं तर पोर लाकडासारखी ताठ.

"मी एवढ्या हाका मारून राहिली मैने, तू ओ काहून नाही दिली?"

पोरीनं हळूच हात काढला.

"आई म्हणाली, कोणी बी हाक मारली तरी ओ देऊ नको. माझ्या आवाजात मारली तरी."

संध्याकाळी अंजनाबाईंनी रोशनीला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "एकाहत्तरच्या लढाईत बी सराव चालायचा. भोंगा वाजला की दारं बंद. तवा एक आया होती. तिची पोरगी त्याच मागच्या खोलीत, अन् ते बाहेर राहिली. लय हाका मारल्या तिनं. हुकूमच होता, कोणी उघडलं नाही."

"मग काय झालं?"

"सासूनं मले एवढंच सांगितलं वं. पुढचं मी बी कधी इचारलं नाही."

पाहुण्या बाईला तिनं काय ऐकलं ते विचारायचं राहिलंच, कारण ती दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानानं निघून गेली. त्या संध्याकाळी शाळेतून निघताना रोशनीचे दोन्ही हात धरून तिनं इंग्रजीत एवढंच म्हटलं, की तू माझ्या शेजारी बसली होतीस, हे मी कुणालाही सांगेन. अहवालात मात्र लिहिलं, सराव शिस्तीत पार पडला. शाळेची मान्यता टिकली.

रोशनीनं नोकरी सोडली. मैनी आता कोराडीच्या साध्या शाळेत जाते. काका नातीच्या इंग्रजीचं नाव काढत नाहीत. डॉक्टर झाले, समुपदेशन झालं. सगळे म्हणतात, धक्का बसलाय, वेळ जाऊ द्या.

मीही तेच म्हणायचो.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मैनी माझ्यासोबत पुढच्या खोलीत चित्रं रंगवत होती. रोशनीनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "मैने, ताटं घे वं."

पोर जागची हलली नाही. खडू खाली ठेवला आणि तोंडावर हात ठेवून गप्प बसली.

मी म्हटलं, "अगं, आई बोलावून राहिली ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मोठी माणसं न समजणाऱ्याकडे पाहतात तसं. मग माझ्या कानाशी आली.

"ते आई नाही, मामा," ती कुजबुजली. "आई म्हणाली, सराव संपला की मी येतो तुले न्यायले. अजून आली नाही."

आतून रोशनीनं पुन्हा हाक मारली. मीच उठलो आणि ताटं घेतली. तिला अजून हे सांगितलेलं नाही.