आवळलेलं टोपण

"तुझ्या नवऱ्याला सांग, टोपण आवळून ठेवत जाऊ नकोस म्हणावं. पिंपाला श्वास लागतो."

कोसिमच्या शेडमधली पिंपं सांभाळणारी बी चार्सिती, सगळ्यांची मावशी, हे म्हणाली तेव्हा युयुनच्या कडेवर गालुह किरकिरत होती आणि चुलीवरचा भात लागत होता. "हो, बी," म्हणून तिनं विषय झटकून टाकला. रसायनशास्त्राची पदवी होती तिच्याकडे. पेरॉक्साइड पिंपात स्वस्थ बसत नाही, हळूहळू तुटत राहतं, त्याचं पाणी होतं आणि प्राणवायू सुटतो, म्हणून पिंपाच्या टोपणाला बारीक भोक ठेवलेलं असतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. कोसिमला तर ठाऊक असणारच, असं ती धरून चालली.

जावा बेटावरच्या चिरेबोनच्या त्या गल्लीत घराघरांत वेताचं काम. वेत डिझेलमध्ये उकळायचा, वाळवायचा, सोलायचा, मग पांढऱ्या औषधाच्या हौदात बुडवायचा. पेरॉक्साइडला सगळे पांढरं औषधच म्हणत. हातगाडीवरून पिंपं आणताना भोकातून शिंतोडे उडतात, हमालांची बोटं पांढरी पडून चुरचुरतात. म्हणून भोकाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर घालून टोपण पहारीनं आवळायचं आणि पिंप उतरवलं की रबर आधी काढायचं, ही तिथली रीत.

एका दुपारी ते कुणी काढलं नाही. पत्र्याखाली तापलेलं पिंप फुगलं आणि फुटलं. बी चार्सिती शेजारीच वेत निवडत बसली होती.

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला भाताचे डबे वाटता वाटता कोसिम तिच्या मुलीला म्हणाला, "पिंप तुझ्या आईच्या ताब्यात होतं, तार्सिना. रबर तिनंच ठेवलं. मी तरी काय करणार?"

तार्सिनानं डबा उघडला नाही. जाताना तेवढी युयुनकडे बघून गेली.

नंतर वेत फेसाळू लागला.

युयुनला ते पहिल्या नजरेतच खटकलं. जिवंत पेशी स्वतःसुद्धा थोडंथोडं पेरॉक्साइड तयार करते आणि लगेच मोडूनही टाकते. नाहीतर आतून भाजून निघेल. मोडण्याचं काम करणारं द्रव्य रक्तात असतं, मांसात असतं, म्हणून जखमेवर फेस येतो. उकळलं की ते द्रव्य मरतं. उकळलेल्या वेतावर फेस यायचं कारणच नव्हतं. तोही सगळ्या वेतावर येत नव्हता. कोसिमनं मोळी जिथं धरली असेल, तिथंच.

"मालक, हाताला काय लागलंय तुमच्या?" मांग दुलाह, म्हणजे दुलाहकाका, हौदापाशी हसत म्हणाला. चार्सितीच्या जागी आता तोच होता. "एकदा धुवा की. गिऱ्हाईक म्हणेल, साबण विकताय."

कोसिम हसला नाही.

शेड झाडताना युयुनला कोपऱ्यात फुटक्या पिंपाचं निळं टोपण सापडलं. हौदाचं पाणी त्यावर ठिबकलं आणि प्लास्टिकवर फेस उमटला. अंगठा. तीन बोटं. आणि एक अर्धीच करंगळी.

कोसिमची अर्धी उजवी करंगळी वेत चिरायच्या यंत्रानं नेली होती.

"रबर कुणी ठेवलं होतं, कांग?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"जेवायला वाढ."

"तार्सिनाला सांगून टाका. गल्ली तिच्या आईला अजून मूर्ख म्हणतेय."

"मेलेल्या बाईचं काय जातंय त्यात? माझी पत जाईल. हे तोंड उघडायचं नाही, युन."

मग त्याच्या मानेवरचे केस पांढरे झाले. म्हाताऱ्यासारखे नव्हे, हौदातून काढलेल्या वेतासारखे. मान मागून कुणी तळव्यात धरावी, तेवढेच.

"मालकांनी डोकंच बुडवलं वाटतं हौदात," मांग दुलाह म्हणाला. या वेळी त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही.

पुढच्या आठवड्यात सुरीनं कोसिमचा अंगठा चिरला. युयुननं बाटलीतलं पेरॉक्साइड जखमेवर ओतलं. रक्त दिसत होतं, मांस दिसत होतं. फेस आला नाही. पाणी स्वच्छ ओघळून गेलं. तिनं पुन्हा ओतलं. कॉलेजात एकदा उकळलेल्या काळजाचा तुकडा असाच गप्प पडून होता.

ती धावत गालुहकडे गेली. सकाळी तिचा गुडघा खरचटला होता. थेंब टाकला. पांढरा, भरघोस फेस. पोर कळवळून रडली, आणि लेकीचं रडणं युयुन कधी ऐकलं नव्हतं इतक्या समाधानानं ऐकत राहिली.

त्या संध्याकाळी कोसिमच्या छातीला तिनं कान लावला. आत बारीक सळसळ होती, सरबताची बाटली नुकती हलवल्यासारखी.

"सांगा आता तरी."

त्यानं ओठ मिटून घेतले. गाल ताणलेले होते. बोटातली अंगठी मांसात रुतली होती.

युयुन स्वतः तार्सिनाकडे गेली, सगळं बोलली.

"तुझ्या तोंडून नको, नेंग," तार्सिना तिला म्हणाली. "त्याच्या तोंडून."

परत आली तेव्हा कोसिम मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिनं गालुहला उचललं. निघताना खोलीचं दार सताड उघडं ठेवलं, खिडकीही.

आता ती इंद्रमायूला आईकडे आहे. कोसिम फोन घेत नाही. मांग दुलाह घेतो, पण शेडच्या पुढे जायला तयार नाही.

"दाराला बाहेरून कडी आहे," तो म्हणाला. "फटीफटीत ट्यूबचं रबर ठासलंय, तेही बाहेरूनच. म्हटलं, तुम्हीच करून गेलात."

म्हणून तिचं एवढंच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी त्या गल्लीत गेलं, तर मागच्या खोलीकडे एकदा बघून या. दार बाहेरच्या अंगाला फुगलंय का, तेवढं बघा. उघडायचंच झालं तर समोर उभं राहू नका. आणि कडीवर आधी थोडं पांढरं औषध टाकून पाहा, फेसात किती बोटं उमटतात ते. करंगळी अख्खी असेल, तर मागे फिरा.