तानपुऱ्यातले लाल दोरे

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टर उडवत आले, त्यामुळे हे सांगताना माझं मलाच हसू येतंय. पण तुम्ही आत्ता सहज त्या कोपऱ्यातल्या तानपुऱ्याकडे हात नेलात, म्हणून सांगते. बसा. त्याला हात मात्र लावू नका.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सदर भागात आमच्या ओळखीच्या मोहितच्या आजोबांचा बंगला आहे. आजोबा चित्रकार होते. आता तिथे चित्रांचं दालन आहे. वर्षातून एका रविवारी आसपासची मंडळी मिळून तिथे मेळा भरवतात. भिंतीवर चित्रं आणि चित्रांसमोर बसून गाणं-बजावणं. एका खोलीत सतार, दुसरीत बासरी. माईक नाही, खुर्च्या नाहीत, हारतुरे नाहीत. लोक संत्री सोलत या खोलीतून त्या खोलीत जातात आणि जिथे सूर धरून ठेवतो तिथे मांडी घालतात. असा श्रोता मोठमोठ्या सभागृहांत मिळत नाही, हे मी शपथेवर सांगेन.

मागच्या खोलीत दुपारी अश्लेषा गाणार होती. तबल्यावर सौरव आणि तानपुऱ्यावर मी. अश्लेषा माझी गुरुबहीण, वयाने बरीच लहान. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचं हे पहिलंच गाणं. डॉक्टरांनी गायला हरकत नाही म्हटलं होतं, पण वर गेलं की आवाज फाटायचा. एरवी ती पेटीच्या 'काळी चार' पट्टीत गायची; तिथून एक सूर उतरून 'काळी तीन'मध्ये गायली असती, तर सहज निभावलं असतं. पण काळी चार ही आमच्या गुरूंची, बाईंची पट्टी. ती सोडणं म्हणजे बाईंनाच सोडणं, असं तिच्या डोक्यात घट्ट बसलेलं.

"एक सूर उतर ना वं," तानपुरा लावता लावता मी म्हटलं. "काहून जिवावर उठली गळ्याच्या?"

"नाही शोभाताई. आज आवाज फाटला तर गाणंच सोडून देईन. पण बाईंची पट्टी नाही सोडणार."

हे ती अगदी शांतपणे बोलली. रडली असती तर मला कमी धास्ती वाटली असती.

मी काळी चार लावली, फोनवर तपासून घेतली. भोपळ्यावरच्या घोडीवर तारांखाली नेहमीसारखे पांढरे दोरे सारले. हा दोरा नीट जागेवर बसला की तार नुसती वाजत नाही, घुमायला लागते. सौरवनेही तबला त्याच सुरात मिळवला.

आमच्या पाठीमागे एक मोठं तैलचित्र होतं. सावळी, रुंद कपाळाची बाई, मांडीवर तानपुरा. काय हात होता मोहितच्या आजोबांचा! तानपुऱ्याची तार न् तार काढलेली, आणि घोडीवरचे दोरेसुद्धा. ते मात्र लाल.

"तिले लाल दोरेच लागत म्हणे," चित्राकडे बोट दाखवत मोहित म्हणाला. "इथंच बसून गात जाये. आवाज लई खाली होता तिचा, काळी तीन. लोक म्हणत, बाईमाणसाचा आवाज असा नसते. मैफलीत बसवलंच नाही जी तिले कोणी, शेवटपर्यंत."

खोली भरली. मी तारा छेडल्या आणि चमकले. तानपुरा काळी तीनवर आला होता. थंडीत तारा थोड्या हलतात, मान्य. पण चारही तारा, बरोबर एक सूर? मी खुंट्या पिळून पुन्हा वर चढवल्या. हात मागे घेतला तोवर पुन्हा खाली. खोलीत तैलरंगाचा वास येत होता, नुकतं रंगवलेल्या दाराला येतो तसा ओला वास. एवढ्यात सौरवने तबल्यावर बोट टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई... हा पण उतरला जी. मी हातोडी लावलीच नाही..."

अश्लेषाचे डोळे मिटलेले होते. "शोभाताई," ती पुटपुटली, "तुम्ही मुद्दाम करून राहिल्या ना...?"

"नाही वं. देवाशपथ नाही..."

समोर माणसं वाट बघत होती. अश्लेषाने एक खोल श्वास घेतला आणि तानपुरा देत होता तोच सा लावला.

मी तिला ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ऐकत आले आहे. ती चांगली गाते, पण असं ती कधी गायली नव्हती. भीमपलास होता. खालचे सूर भरदार, आणि वरचा सा लागला तेव्हा माझे डोळे वाहू लागले. आवाज कुठेही फाटला नाही. चहाला निघालेले एक गृहस्थ दारातून परत येऊन बसले.

आवरायला घेतलं तेव्हा घोडीवर लक्ष गेलं. माझ्या तानपुऱ्यात लाल दोरे होते. एकाला बोट लावलं तर बोटाला ओला रंग लागला. मी मान वर करून चित्राकडे पाहिलं. तिथले दोरे पांढरे झाले होते.

मी कोणाला काही बोलले नाही. तानपुरा घरी आणला. अश्लेषा त्या दिवसापासून काळी तीनमध्येच गाते, आणि सगळीकडून तिला बोलावणी येतात. "बाई रागावल्या नसत्या, नाही का?" असं एकदा तिने विचारलं, तेव्हा माझ्या जिवाला फार बरं वाटलं.

संक्रांतीच्या सुमारास तिचा फोन आला तेव्हा मी तानपुरा पुसत होते. बोलता बोलता मी ते लाल दोरे काढून बाजूला ठेवले. पलीकडचं तिचं वाक्य मध्येच थांबलं. नुसता श्वास ऐकू येत होता, कोणी बोलायची धडपड करावी तसा. घाबरून मी दोरे परत सारले.

"...ताई? ऐकू येतंय ना? एकदम आवाजच बसला होता जी माझा."

तेव्हापासून मी त्यांना हात लावत नाही. असे दोरे एरवी महिन्या-दोन महिन्यांत झिजतात. हे जसेच्या तसे आहेत, रंगही अजून ओला आहे.

आज सकाळी मोहितचा फोन आला होता. "शोभाताई, त्या चित्रातले दोरे पहिले लाल होते ना जी? आता पांढरे दिसून राहिले. अन्... झिजून राहिले ते. एक तर तुटायलेच आला."

परवा लकडगंजात अश्लेषाचं गाणं आहे. साथीला हाच तानपुरा आहे आणि वाजवायला मी. इथलं गाणं तिथल्या दोऱ्यांना झिजवतंय, आणि तो दोरा तुटला तर अश्लेषाच्या आवाजाचं काय होईल, या धास्तीने तिने वरचा सा लावला की तारेवर माझं बोट चालेल की नाही, मला माहीत नाही.